शाळेच्या ड्रेसबद्दल मुलांचं म्हणणं शाळेपर्यंत कसं न्यायचं: नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

‘गणवेश असावा की नसावा’ हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय आहे. त्यावर दोन्ही बाजूंना टाळ्या पडतात, बक्षीस कोणीतरी घेऊन जातं आणि सोमवारी सगळे तोच ड्रेस घालून प्रार्थनेला उभे राहतात. खरंच काही बदलून घ्यायचं असेल तर रस्ता वेगळा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर असताना मी आठवी-नववीच्या मुलामुलींसोबत या रस्त्याने गेले आहे. पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांची धावपळ वाचावी म्हणून हे लिहिते.

मुलांचं ऐकायला बसलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ड्रेसच नको म्हणणारे थोडे असतात. ‘सकाळी काय घालू ही कटकट नाही’ म्हणून ड्रेस आवडणारे पुष्कळ. भांडण असतं ते जुलैतल्या टायशी, घामाने अंगाला चिकटणाऱ्या कापडाशी, शनिवारच्या पांढऱ्या सलवारीशी आणि पावसाळ्यातल्या कॅनव्हासच्या बुटांशी. म्हणून मत विचारायचं ते एकेका कपड्याचं, एकेका दिवसाचं, एकेका ऋतूचं. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

१. शाळा कोणाची आहे ते आधी बघा

ड्रेस कोण ठरवतं हे माहीत नसताना सह्या गोळा करत फिरू नका. मुख्याध्यापिका बाईंच्या हातात नसलेली गोष्ट त्यांच्याकडे मागितली की त्या हसून कागद ठेवून घेतात आणि विषय तिथेच संपतो.

जिल्हा परिषद किंवा महानगरपालिकेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती गाठा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. इथे मोफत गणवेशासाठी एका ड्रेसचे ३०० रुपये धरलेले असतात, त्यामुळे ‘आणखी चांगलं कापड घ्या’ म्हणताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. २०२४-२५ मध्ये राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ राबवला. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, सगळीकडे सारखं. ड्रेस उशिरा आले, मापं चुकली, कोणाच्या बाह्या कोपरावर तर कोणाची पँट पायाखाली. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने तो निर्णय फिरवला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. म्हणजे आता समितीने ‘वरून येतं, आम्ही काय करणार’ म्हटलं, तर हे नम्रपणे आठवून द्या.

खासगी शाळेत संस्था ठरवते, पण पालक-शिक्षक संघाचं दार उघडं असतं. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्यानुसार प्रत्येक खासगी शाळेत हा संघ लागतो. त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचे पालक असतात, उपाध्यक्षही पालकांतूनच. तुमच्या वर्गाचे पालक प्रतिनिधी कोण, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. नोटीस बोर्डावर यादी असायला हवी. नसेल तर मागा.

केंद्रीय विद्यालयात असाल तर ड्रेसचा रंग किंवा नमुना बदलण्याच्या मागे लागू नका. तो देशभर एकच असतो आणि दिल्लीहून ठरतो. तिथे फक्त शाळेच्या हातातल्या गोष्टी मागा: कोणत्या दिवशी काय घालायचं, टाय कधी सोडायचा, थंडीत आतून काय चालेल.

२. वेळ धरा

विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पण पुढच्या वर्षीच्या कापडाची आणि शिलाईची बोलणी हिवाळ्यातच सुरू होतात. मार्चमध्ये बदलाचा अर्ज दिलात तर उत्तर ठरलेलं: ‘ऑर्डर गेली, आता पुढच्या वर्षी बघू.’ पोळा झाला की मुलांच्या मतांच्या बिननावाच्या चिठ्ठ्या गोळा करा, दिवाळीआधी मोजणी संपवा आणि दिवाळीनंतर शाळा उघडल्याबरोबर अर्ज द्या.

(तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडग्या, म्हणजे पुतळा, काढून गाऱ्हाणं मांडायची आपल्या नागपूरची जुनी रीत आहे. एका पोट्ट्याने टायचा बडग्या काढायची कल्पना सुचवली होती. कल्पना झकास होती, पण शाळेला तो मार्ग पचत नाही.)

३. परवानगी घ्या, आणि ती कागदावर घ्या

मुख्याध्यापकांच्या नावे एक पानाचा अर्ज: कोणत्या वर्गांना विचारणार, किती मिनिटं लागतील, नावं घेणार नाही, निकाल आधी शाळेलाच दाखवणार. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्या. बाबूजी म्हणतील, ‘ठेवून जा, बघून घेतो.’ तिथेच थांबा. शिक्का मारल्याशिवाय कागद ठेवून येऊ नका.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय काढून सुरुवात करू नका. तिथे संध्याकाळपर्यंत दोन गट पडतात आणि शाळेच्या कानावर तुमचा अर्ज जाण्याआधी भांडण जातं.

४. काय काय लागेल

- परवानगीच्या अर्जाची पोच
- छापलेल्या चिठ्ठ्या, सगळ्यांना एकाच रंगाच्या कागदावर
- बुटांचा रिकामा खोका, वरून चीर पाडलेला, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेला
- मोजणीसाठी आखीव वही
- सध्याच्या ड्रेसच्या कापडाचा तुकडा (शिंप्याकडे किंवा पँटची लांबी कमी केल्यावर घरी उरतो तो)
- दोन-तीन दुकानांचे लेखी दर
- शाळेच्या डायरीतल्या ड्रेसच्या नियमांच्या पानाची झेरॉक्स

शेवटचा कागद विसरू नका. डायरीत नसलेले कितीतरी नियम मुलं वर्षानुवर्षं पाळत असतात. रिबिनीची रुंदी, मोज्यांवरच्या रेघा, केसांच्या दोन वेण्या. छापील नियमात नाही म्हटल्यावर काही गोष्टी अर्जाशिवायच सुटतात.

५. प्रश्न: काम इथेच बनतं किंवा बिघडतं

‘तुम्हाला सध्याचा त्रासदायक ड्रेस बदलावा असं वाटतं का?’ असं विचारलं की उत्तर तुम्हीच देऊन टाकलं. मुख्याध्यापक पहिल्या नजरेत हे पकडतात आणि मग पुढचं काही वाचत नाहीत. ‘ड्रेस आवडतो का?’ हेही कामाचं नाही. आवडतो आणि चावतो, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

ऋतूचं नाव प्रश्नात घाला. जुलैत विचारलं तर सगळे घामाबद्दल बोलतात. डिसेंबरात सकाळी सातच्या शाळेत विचारलं तर सगळ्यांना फक्त शाळेच्या रंगाचा पातळ स्वेटर दिसतो, ज्यावर घरचं जाड जॅकेट घालू देत नाहीत. आमची चिठ्ठी साधारण अशी होती:

‘इयत्ता ___. योग्य खूण करा.
पावसाळ्यात कोणती वस्तू सर्वांत गैरसोयीची? शर्ट / पँट-स्कर्ट-सलवार / टाय / बेल्ट / मोजे / बूट / काहीच नाही
थंडीत कोणती? (तीच यादी, शिवाय स्वेटर)
मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत कोणती? (तीच यादी)
आठवड्यातल्या कोणत्या दिवसाचा ड्रेस तुम्ही टाळाल? का?
कोणती वस्तू आहे तशीच राहावी?
ड्रेसचा खर्च घरी जड जातो का? हो / नाही / माहीत नाही’

‘काहीच नाही’ हा पर्याय ठेवाच. ज्यांना काही तक्रार नाही त्यांचीही मोजणी झाली की तुमच्या कागदाला वजन येतं. आणि ‘आहे तशीच राहावी’ या प्रश्नाने आम्हाला चकित केलं. बिल्ला आणि हाऊसचा टी-शर्ट मुलांना जिवापाड प्रिय निघाले.

दिवसाच्या प्रश्नाकडे नीट बघा. एका चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘शनिवारचा पांढरा ड्रेस. काहून ते मुलींना विचारा.’ मुलींनी तर शनिवारवर खूण केली होती आणि ‘का?’ची जागा कोरी ठेवली होती. पाळीच्या दिवसांत पांढरी सलवार घालून पीटीला उभं राहायचं, दर दहा मिनिटांनी मैत्रिणीला ‘मागे बघ ना गं’ म्हणायचं, किंवा पोटात दुखतं सांगून शनिवारी घरीच राहायचं. हे कोणी वर्गात बोलत नाही आणि पुरुष शिक्षकांच्या लक्षातही येत नाही. या मुद्द्यासाठी एखाद्या बाईंनी मुलींसोबत वेगळं बसावं. तिथे कोणीही काही लिहून घेऊ नये. मागणी साधी ठेवावी: खालचा कपडा गडद रंगाचा. वरचा पांढरा टी-शर्ट तसाच राहिला तरी चालतं आणि खर्चही अर्धाच. पांढऱ्या ड्रेसचा आणखी एक हिशेब आहे, तो आयांना विचारा. आपल्याकडची काळी माती एकदा पांढऱ्या बुटांवर आणि सलवारीच्या मोहरीवर बसली की रविवारची दुपार मोरीत जाते.

स्कर्ट की पँट हा प्रश्न असेल तर ‘मुलींनाही पँट निवडता यावी का?’ असा निवडीचा प्रश्न विचारा. सक्तीचा विचारलात की घराघरांत वाद पेटतात. शाळेला दाखवायला केरळची उदाहरणं आहेत. एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलामुलींना सारखीच तीन चतुर्थांश पँट आणि शर्ट दिला. डिसेंबर २०२१ मध्ये बालुसेरीच्या सरकारी मुलींच्या उच्च माध्यमिक शाळेत शर्ट-पँट आली.

एक गोष्ट मात्र मतदानाला टाकू नका: पगडी, हिजाब, कडं, टिकली, गंडादोरा. चाळीस मुलांच्या वर्गात अडतीस जणांनी मिळून दोघांच्या डोक्यावर काय असावं हे ठरवणं हे मत नव्हे. हिजाबच्या प्रश्नावर १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही एकमेकांविरुद्ध निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. चिठ्ठ्यांच्या खोक्यातून ते सुटायचं नाही. ज्या मुलाचा किंवा मुलीचा तो प्रश्न आहे, त्यांच्या पालकांना स्वतंत्रपणे मुख्याध्यापकांशी बोलू द्या.

चिठ्ठी शाळेच्या माध्यमाच्या भाषेत छापा. नागपुरात एकाच आवारात मराठी आणि हिंदी वर्ग भरतात, कुठे उर्दू. छापण्याआधी पाच-सहा मुलांना वाचायला द्या. ‘गैरसोयीची’ हा शब्द पाचवीच्या पोरांना कळला नाही, तर ‘त्रास देते’ लिहा.

६. चिठ्ठ्या गोळा करताना

वर्गशिक्षकांना पाच मिनिटं बाहेर थांबायची विनंती करा. उत्तरं शक्यतो खुणांत ठेवा, कारण अक्षर ओळखू येतं. खोका वर्गाच्या मागच्या बाजूला ठेवा. वर्गात मुली चारच असतील, तर त्या वर्गाच्या चिठ्ठ्या शेजारच्या तुकडीत मिसळून मोजा, नाहीतर नाव नसूनही सगळं उघड होतं.

गुगल फॉर्म सोपा वाटतो, पण मी तो टाळायला सांगेन. त्यात ईमेल नोंदवला जाऊ शकतो, मुलाऐवजी मोठी बहीण भरते, आणि ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तोही बाबांसोबत कामावर जातो, ती मुलं गळतात. खर्चाच्या प्रश्नावर नेमकी त्यांचीच उत्तरं हवी असतात. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक धरला आहे. त्यांची माहिती ऑनलाइन घेताना पालकांच्या संमतीचा प्रश्न येतो. कागद बरा.

७. मोजणी

दोघांनी मोजावं, तिसऱ्याने तपासावं. ‘६५ टक्के मुलांना टाय नको’ एवढंच लिहू नका. ‘नववी अ: ४८ पैकी ३१’ असं लिहा. इयत्तेप्रमाणे वेगळं ठेवा, कारण पाचवीतल्यांना टाय आवडतो आणि दहावीतले तो खिशात घालून फिरतात.

आकडा फुगवायचा मोह आवरा. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी देशभर फिरली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की त्या केंद्राचं यंत्रच बिघडलं होतं. आपल्या उन्हाला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. तुमच्या मागणीलाही नसावी. एक आकडा खोटा निघाला की पूर्ण कागद बाजूला पडतो.

८. कापड हातात घ्या

‘कापड गरम होतं’ ही तक्रार हवेत राहते. तिला हात-पाय द्या. कापडाच्या तुकड्यातून उभा आणि आडवा असा एकेक धागा काढा. चिमट्यात धरून मोठ्या माणसाच्या देखत काडीने पेटवा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि बोटात चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याची कडक काळी गाठ होते. टेरिकॉटमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून राखेसोबत कडक कणही सापडतात. आमच्याकडे शर्टाच्या धाग्याची चक्क गाठ झाली, आणि ती गाठ कागदावर चिकटवून आम्ही अर्जाला जोडली. बैठकीत सगळ्यांत जास्त हाताळला गेलेला कागद तोच.

मग गांधीबागेत जा. ठोक कापडाच्या दुकानांतून त्याच रंगाचं, सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड मागा, मीटरचा भाव दुकानाच्या कागदावर लिहून घ्या. तयार ड्रेसचा भाव बर्डीवर किंवा महालात विचारा. शंभर टक्के सुतीचा हट्ट धरू नका. ते रोज इस्त्री मागतं, रंग लवकर उतरतो, आणि सकाळी साडेसहाला इस्त्री कोण करणार हे घरोघरी ठरलेलंच आहे.

शाळा म्हणत असेल की ड्रेस अमुक दुकानातूनच घ्या, तर लक्षात ठेवा: अशी सक्ती करू नये असा राज्य शासनाचा २००४ चा निर्णय आहे. पण हा मुद्दा ड्रेसच्या अर्जात घालू नका. दुकानाचा विषय निघाला की संस्था सावध होते आणि मुलांचा टाय बाजूलाच राहतो. तो अर्ज पालकांनी वेगळा द्यावा.

९. अर्ज आणि बैठक

मागण्या तीनपेक्षा जास्त नकोत. त्यातली एक तरी बिनखर्चाची असावी, म्हणजे शाळेला लगेच ‘हो’ म्हणता येतं. नमुना असा:

‘मा. मुख्याध्यापक यांस,
विषय: गणवेशाबाबत विद्यार्थ्यांची मते व विनंती.
महोदय, आपल्या परवानगीने इयत्ता ५ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांची लेखी मते घेतली. मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यावरून विनंती की,
१) शाळा सुरू झाल्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत टाय ऐच्छिक ठेवावा.
२) शनिवारच्या गणवेशात खालचा कपडा गडद रंगाचा असावा.
३) पुढील खरेदीत शर्टाच्या कापडात सुताचे प्रमाण वाढवावे. नमुना व दर सोबत आहेत.
जुना गणवेश पुढील दोन वर्षे चालावा, जेणेकरून पालकांवर एकदम भार पडणार नाही.’

शेवटची ओळ काढू नका. धाकट्या भावासाठी जपून ठेवलेला ड्रेस एका ठरावाने बाद झाला तर उद्या तुमच्याच वर्गातले पालक तुमच्या विरोधात उभे राहतील.

बैठकीत ‘शिस्त बिघडेल’ हे ऐकावं लागतंच. वाद घालू नका. ‘एक सत्र करून बघू, तुम्हाला पटलं नाही तर पहिल्यासारखं करा’ म्हणा. शिक्षकांना आधी भेटून ठेवा. मार्च २०२४ मध्ये राज्याने शिक्षकांसाठीही पेहरावाच्या सूचना काढल्या, जीन्स आणि टी-शर्ट बंद झाले. कोणीतरी वरून सांगितलेला कपडा घालणं म्हणजे काय, हे त्यांना आता सांगावं लागत नाही. बोलायला एक मुलगा, एक मुलगी आणि एक पालक पुरेत. पालकांनी कमी बोलावं. हे सगळ्यांत कठीण.

१०. उत्तर आल्यावर

होकार आला तर तो नोटीस किंवा परिपत्रकातून मागा. तोंडी होकार नवीन पीटी सरांपर्यंत पोचत नाही आणि पहिल्याच सोमवारी टाय नसलेली पोरं ओळीतून बाहेर काढली जातात. नकार आला तर कारण लिहून मागा. मुलांना दोन्ही सांगा, वर्गावर्गांत जाऊन, तक्त्यासकट.

महिनाभरात काहीच उत्तर नसेल तर पोचची झेरॉक्स जोडून स्मरणपत्र द्या. त्यानंतर पालकांच्या सहीने जिल्हा परिषदेत, सिव्हिल लाइन्सला, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं. प्राथमिकचे वेगळे, माध्यमिकचे वेगळे, इयत्ता बघून जा. मुलांना तिथे नेऊ नका. पण टायसाठी इतकं लांब जायची गरज सहसा पडत नाही. सक्तीची खरेदी किंवा ड्रेसवरून वर्गाबाहेर उभं करणं, असं काही असेल तरच जा.

मोजणी तपासून झाली की चिठ्ठ्या फाडून टाका, तक्ता ठेवा. फाईल जाणाऱ्या दहावीने आठवीच्या हातात द्यावी, अर्जाच्या मूळ पोचसकट, कारण कापडाची पुढची खरेदी होईपर्यंत मुख्याध्यापक बदललेले असू शकतात.